ग्रंथालय : पुस्तकांच्या कपाटापासून संगणकाच्या आज्ञावलीपर्यंत

संगणकविषयक प्रशिक्षणवर्गास जाऊन आलेल्या शिक्षकांच्या बोलण्यात हल्ली ‘लायब्ररी’ हा शब्द काहीशा निराळ्या अर्थाने येऊ लागला आहे. अमुक एक काम संगणकाकडून करून घ्यावयाचे असेल तर सर्व आज्ञा नव्याने लिहिण्याचे कारण नाही, त्या लायब्ररीतून घ्याव्यात, असे तेथील मार्गदर्शक सांगतात. ज्या शिक्षकाने लायब्ररी म्हणून आजवर मुख्याध्यापकांच्या खोलीतील कपाटच तेवढे पाहिले आहे, त्यास हा शब्दप्रयोग केवळ आलंकारिक वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः तो अलंकार नाही. संगणकाच्या आरंभकाळातील सर्वांत प्रसिद्ध लायब्ररी खरोखरच एका पोलादी कपाटात ठेवलेली होती; तिची सूची होती, वर्गवारी होती, आणि घेतलेली वस्तू काम होताच जागेवर परत जात असे. राष्ट्रीय शिक्षण धोरण, २०२० ह्यामध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यात आज्ञावलीलेखनाचा परिचय मुलांस व्हावा अशी अपेक्षा व्यक्त केलेली आहे. तेव्हा हा विषय प्राथमिक शिक्षकाच्या कक्षेबाहेरचा आहे असे आता म्हणता येणार नाही. पुस्तकांचे ग्रंथालय व आज्ञांचे ग्रंथालय ह्यांचे नाते काय, आणि त्यावरून आपल्या शाळेतील कपाटाविषयी काही विचार करता येण्याजोगा आहे काय, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम पुस्तकांकडे वळू. पुस्तक घरी नेण्यास मिळणे ही गोष्ट आज आपणांस इतकी सहज वाटते की, ती एके काळी अशक्यप्राय होती ह्याची आठवण राहत नाही. युरोपातील जुन्या ग्रंथालयांत पुस्तके लोखंडी साखळ्यांनी फळीस जखडलेली असत. इंग्लंडमध्ये हेरफर्ड येथील प्रार्थनामंदिरात असे साखळबंद ग्रंथालय आजही पाहावयास मिळते. वाचकाने पुस्तकाकडे जावयाचे, पुस्तकाने वाचकाकडे जावयाचे नाही, अशी ती व्यवस्था होती. इंग्लंडात १८५० साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि नगरपालिकांना ग्रंथालयासाठी कर बसविण्याचा अधिकार मिळाला. आपल्याकडे रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे व पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ सालचे. पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ सालचे आहे. ह्या संस्थांविषयी आदर बाळगूनही हे नमूद करावयास हवे की, त्या काळचे वाचनालय म्हणजे बहुधा वर्गणीदारांचे वाचनालय असे. ज्याच्या खिशात वर्गणी नाही त्याने दारातून आत डोकावून पाहावे, एवढाच त्याचा संबंध.

हे चित्र ज्या संस्थानात प्रथम मोठ्या प्रमाणावर पालटले ते म्हणजे बडोदे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी जन्मलेले सयाजीराव गायकवाड ह्यांनी १८९३ साली अमरेली प्रांतात व १९०६ साली सर्व संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, हे शिक्षकांस माहीत असेलच. परंतु मुलगा चार इयत्ता शिकून शेतावर गेला आणि पुढे त्याच्या हाती छापील कागद पडलाच नाही, तर शिकलेली अक्षरे काही वर्षांत पुसून जातात. ही अडचण महाराजांनी ओळखली. १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून आणले, आणि १९१३ पर्यंतच्या तीन वर्षांत मध्यवर्ती ग्रंथालय, ग्रंथपालांचा शिक्षणवर्ग व गावोगावच्या ग्रंथालयांची योजना ह्यांची घडी बसविण्यात आली. गावकऱ्यांनी ठरावीक रक्कम उभी केली की तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने व तेवढीच संस्थानाने घालावयाची, अशी तिची रचना होती. ज्या गावी तेवढेही साधत नसे, तेथे कुलूपबंद लाकडी पेट्यांतून पुस्तके पाठविली जात आणि त्या पेट्यांच्या वाहतुकीचा भार वाचकांवर नसे. एका गावात पेटी काही काळ राही, मग ती पुढच्या गावी जाई. अशीच एक नामी युक्ती मद्रास इलाख्यात तंजावर जिल्ह्यातील मन्नारगुडी परिसरात १९३१ साली अमलात आली. तेथे पुस्तके बैलगाडीतून खेड्याखेड्यांत फिरविण्यात आली. रस्ते नीट नसलेल्या मुलखात बैलगाडीइतके भरवशाचे वाहन दुसरे कोणते असणार?

त्या बैलगाडीच्या मागे ज्यांची प्रेरणा होती ते शियाळी रामामृत रंगनाथन् हे मूळचे आपल्याच व्यवसायातील. ते गणिताचे अध्यापक होते आणि १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. प्रारंभी ह्या कामात त्यांचे मन रमले नाही असे सांगतात. पुढे लंडनला शिक्षणासाठी गेले असता तेथील एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनो नावाचे खेळणे पाहिले. धातूच्या भोके पाडलेल्या पट्ट्या, चाके, दांडे, खिळे व चाकी असे त्याचे सुटे भाग असतात आणि त्याच भागांपासून कधी पूल, कधी गाडी, कधी यारी तयार करता येते. रंगनाथन् ह्यांच्या मनात आले की, विषयांची वर्गवारीही अशीच करता येईल. प्रत्येक पुस्तकासाठी आधीच ठरवून ठेवलेला खण असण्यापेक्षा, विषयाचे मूळ घटक ठरवावेत आणि ते जोडून पुस्तकाचा क्रमांक तयार करावा. ‘महाराष्ट्रातील उसाच्या रोगांचा विसाव्या शतकातील अभ्यास’ असे पुस्तक आले तर ऊस, रोग, महाराष्ट्र व विसावे शतक हे चार सुटे भाग जोडले की त्याची जागा निश्चित झाली. १९३३ साली ही पद्धती प्रसिद्ध झाली. सुटे भाग एकदा काळजीपूर्वक घडवावेत आणि नंतर ते हवे तसे जोडावेत, हा विचार लक्षात ठेवावा. पुढे संगणकाच्या प्रकरणी तो पुन्हा भेटणार आहे.

रंगनाथन् ह्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतील पहिल्याचा आशय एवढाच की, पुस्तक हे वापरण्यासाठी असते. वाचताना वाटते, ह्यात नियम करण्याजोगे काय आहे? परंतु आपल्या शाळेच्या दप्तरात डोकावले म्हणजे त्याचे महत्त्व कळते. अनेक ठिकाणी पुस्तकांची नोंद खुर्च्या, टेबले, घंटा व घड्याळ ह्यांच्या शेजारी जडवस्तुसंग्रहाच्या नोंदवहीत केलेली आढळते. जड वस्तू म्हटली की ती जागची हलता कामा नये. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांनी पुस्तके मोजली, संख्या जुळली, शेरा चांगला पडला. मग मुख्याध्यापकांनी किल्ली जपून ठेवली तर दोष त्यांना एकट्यांना कसा द्यावा? पुस्तक फाटले वा हरवले तर त्याची भरपाई आपल्या खिशातून करावी लागेल ही भीती दोनशिक्षकी शाळेतील गुरुजींस वा बाईंस वाटते, आणि ती भीती निराधार आहे असे म्हणून चालणार नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ ह्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके पुरविणारे ग्रंथालय असावे असे म्हटले आहे. कायदा पुस्तके पुरविण्याविषयी बोलतो आणि कुलूप मात्र नोंदवहीच्या धाकाने लागते.

ह्या संदर्भात एक तरतूद शिक्षकांनी माहीत करून घेण्यासारखी आहे. केंद्र शासनाच्या २०१७ सालच्या सामान्य वित्तीय नियमांत ग्रंथालयासंबंधी असे म्हटले आहे की, वर्षभरात वाचकांनी नेलेल्या वा पाहिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तके गहाळ होणे हे वाजवी समजावे. मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा, आणि एक हजार रुपयांहून अधिक किमतीचे अथवा दुर्मिळ पुस्तक गेल्यास चौकशी अवश्य व्हावी. हा नियम केंद्र शासनाच्या ग्रंथालयांसाठी आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेस तो आपोआप लागू होत नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. परंतु त्यातील हिशेबाची रीत पाहावी. गहाळ पुस्तकांचे प्रमाण कपाटातील संख्येशी न लावता देवघेवीच्या संख्येशी लावले आहे. ज्या शाळेत वर्षाकाठी दोनशे वेळा पुस्तक दिले-घेतले गेले तिचे एक पुस्तक गेले तर ते ह्या रीतीने क्षम्य आहे. ज्या शाळेत एकदाही कुणास पुस्तक दिले नाही व तरीही एक कमी भरले, तेथेच खरा प्रश्न विचारावयास हवा. शाळा व्यवस्थापन समितीपुढे हा विषय ठेवताना अशा प्रकारे देवघेवीचा आकडा हाती असणे फार उपयोगी पडते.

आता संगणकाकडे येऊ. इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स ह्यांच्या देखरेखीखाली तयार झालेला एड्सॅक नावाचा संगणक ६ मे १९४९ रोजी प्रथम चालू झाला, आणि त्याने शून्यापासून नव्याण्णवपर्यंतच्या संख्यांच्या वर्गांची सारणी छापून दाखविली. आपल्या मुलांस उजळणी येते तेवढेच त्याचे पहिले काम. त्यास आज्ञा द्यावयाच्या त्या कागदी फितीवर भोके पाडून. एक भोक चुकले की गणित चुकले. आपल्या स्वतःच्याच आज्ञांतील चुका शोधण्यात आपले पुष्कळ आयुष्य जाणार आहे, ही जाणीव त्या सुमारास विल्क्स ह्यांना झाली आणि ती त्यांनी पुढे लिहून ठेवली आहे. त्यावरचा उपाय त्यांना व त्यांचे सहकारी डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ले गिल ह्यांना सापडला तो ग्रंथालयाचा. वर्गमूळ काढणे, भागाकार करणे, कोनाची ज्या काढणे, उत्तर रकान्यांत छापणे ही कामे प्रत्येक गणितात पुन्हा पुन्हा येतात. तेव्हा त्या प्रत्येक कामाच्या आज्ञा एकदा नीट तपासून एका स्वतंत्र फितीवर कोराव्यात, आणि ती फीत कपाटात ठेवावी. अशा तुकड्यास सबरूटीन म्हणतात. प्रत्येक फितीस अक्षर व क्रमांक दिलेला असे : भागाकारास एक अक्षर, त्रिकोणमितीस दुसरे, छपाईस तिसरे. १९५१ साली अशा ८७ फिती त्या संग्रहात होत्या, आणि त्याच वर्षी ह्या तिघांनी त्यांविषयीचा ग्रंथही प्रसिद्ध केला. ज्यास वर्गमूळ हवे त्याने कपाटातून ती फीत काढावयाची, यंत्रात घालून तिची नक्कल आपल्या फितीवर उतरवून घ्यावयाची आणि मूळ फीत कपाटात परत ठेवावयाची.

येथे नक्कल यंत्राने होत असे ह्या गोष्टीचे महत्त्व शिक्षकास अधिक चांगले समजेल. अमेरिकेत हार्वर्ड येथील पहिल्या मोठ्या गणकयंत्रावर काम करणाऱ्या ग्रेस हॉपर व त्यांचे सहकारी आपापल्या वह्यांत तपासलेले तुकडे लिहून ठेवीत व एकमेकांच्या वहीतून ते हाताने उतरवून घेत. उतरविताना आकडे चुकत. फळ्यावरचे उदाहरण वहीत उतरवून घेताना चौथीतील मुले ज्या चुका करतात त्याच चुका गणितातील पदवीधरही करतात, हे वाचून आपल्या वर्गातील मुलांविषयी थोडी अधिक सहानुभूती वाटावी.

सबरूटीन म्हणजे काय हे मुलांस सांगावयाचे झाल्यास पाढ्यासारखे दुसरे उदाहरण नाही. सात आठे छप्पन हे मुलाने एकदा पाठ केले. पुढे गुणाकार असो, भागाकार असो, क्षेत्रफळ असो की व्याज असो, जेथे सात व आठ भेटतील तेथे तो आठ वेळा सात मिळवीत बसत नाही. तयार उत्तर घेतो आणि पुढे जातो. पूर्वीच्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, दीडकी पाठ करून घेत, तो एक सबरूटीनांचा संग्रहच होता असे म्हटल्यास वावगे होणार नाही. परंतु यंत्रास एक अडचण असते ती मुलास नसते. तयार तुकड्याकडे गेल्यावर परत कोठे यावयाचे, हे यंत्रास सांगावे लागते. एखाद्या मुलास निरोप देऊन कार्यालयात पाठविले तर ‘तिसरीच्या वर्गात परत ये’ असे त्यास सांगण्याची गरज नसते. कारण आपण कोठून निघालो हे त्याच्या लक्षात असते. यंत्राच्या लक्षात ते नसते. व्हीलर ह्यांनी युक्ती काढली ती अशी की, तुकड्याकडे जातानाच आपल्या निघण्याच्या जागेची चिठ्ठी यंत्राने बरोबर न्यावी, आणि काम संपताच त्या चिठ्ठीवरील जागी परत यावे. ही युक्ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. आज मोबाईलवर चालणाऱ्या आज्ञावलींतही परतीच्या जागेची नोंद ठेवण्याची कल्पना, रीत बदलली असली तरी, हीच आहे.

पुस्तक आणि आज्ञांचा तुकडा ह्यांत एक मोठा भेद आहे. पुस्तक एका मुलाने नेले की दुसऱ्यास ते मिळत नाही. आज्ञांचा तुकडा लक्षावधी लोकांनी नेला तरी फळीवर जसाच्या तसा असतो. म्हणून त्याच्या बाबतीत परतीची तारीख नसते. मात्र तो वापरण्याची परवानगी असावी लागते. आपल्या देशातील प्रताधिकार अधिनियम, १९५७ ह्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन संगणकाची आज्ञावली ही साहित्यकृतींच्या व्याख्येत समाविष्ट करण्यात आली. कायद्याच्या दृष्टीने कादंबरी व आज्ञावली ह्या एका पंक्तीस बसतात हे अनेकांस नवल वाटेल. त्यामुळे ज्याने ती लिहिली त्याच्या अनुमतीवाचून तिची नक्कल करता येत नाही. ही अनुमती आगाऊच, सर्वांस, लेखी देऊन ठेवण्याची प्रथा १९८० नंतरच्या दशकात रूढ होऊ लागली. कोणीही वापरा, बदला, दुसऱ्यास द्या. आणि काही परवान्यांत एवढीच अट असते की तुम्ही केलेली सुधारणाही इतरांस तशीच खुली ठेवा.

ह्या प्रथेचे एक उदाहरण दोन्ही प्रकारच्या ग्रंथालयांना जोडणारे आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ ह्या लहानशा भागातील सार्वजनिक ग्रंथालयांपुढे १९९९ साली असा प्रश्न उभा राहिला की, त्यांच्या देवघेवीचा हिशेब ठेवणारी जुनी आज्ञावली २००० सालाची तारीख ओळखणार नव्हती. नवी विकत घेण्याऐवजी त्यांनी ती करवून घेतली, आणि जानेवारी २००० मध्ये ती वापरात येताच जगातील सर्व ग्रंथालयांस मोफत खुली केली. तिचे नाव कोहा. तेथील मूळ रहिवासी माओरी लोकांच्या भाषेत पाहुण्याने यजमानास द्यावयाच्या भेटीस कोहा म्हणतात, आणि त्या देण्यात परतफेडीचा भाव असतो. आपल्याकडील आहेराशी त्याचे साम्य दिसते. आज भारतातील अनेक ग्रंथालयांचा कारभार ह्या आहेरावर चालतो.

आता ह्या व्यवस्थेची दुसरी बाजू. पाढ्याचेच उदाहरण पुढे चालवू. मुलाने सात आठे चोपन्न असे चुकीचे पाठ केले तर त्याचा गुणाकार चुकेल, भागाकार चुकेल आणि व्याजही चुकेल. आणि प्रत्येक वेळी चूक तेथल्या तेथे शोधू गेल्यास सापडणार नाही. आता असे समजा की जिल्ह्यातील सर्व मुलांनी एकाच तक्त्यावरून पाढा पाठ केला आणि त्या तक्त्यातच चोपन्न छापलेले होते. २०२१ सालच्या डिसेंबरात जगभर जे घडले ते ह्या प्रकारचे होते. आज्ञावली चालू असताना काय काय घडले ह्याची नोंद लिहून ठेवणारा लॉग-फोर-जे नावाचा एक खुला तुकडा असंख्य ठिकाणी वापरला गेला होता. त्यात असा दोष निघाला की, बाहेरून आलेला विशिष्ट मजकूर नोंदवहीत लिहिताना तो मजकूरच हुकूम समजून अमलात आणला जाई. आवक टपालाची नोंद करणाऱ्या शिपायाने पत्रात लिहिलेले प्रत्येक काम, पत्र कोणाचे आहे हे न पाहता, करून टाकावे, तसा हा प्रकार. दोष कळल्यावर तो दुरुस्त करण्यास वेळ लागला नाही. स्वयंसेवकांनीच तो केला. वेळ लागला तो निराळ्याच कामास. आपल्या कोणकोणत्या आज्ञावलीत हा तुकडा आहे, हेच मोठमोठ्या संस्थांना ठाऊक नव्हते. त्यांनी लायब्ररीतून पुष्कळ घेतले होते, पण काय घेतले ह्याची नोंद ठेवली नव्हती. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या अध्यक्षीय आदेशाने, सरकारास विकल्या जाणाऱ्या आज्ञावलीबरोबर तिच्यातील घटकांची यादी देण्याच्या दिशेने पाऊल टाकले होते. म्हणजे, आपण शाळेत ज्यास देवघेव नोंदवही म्हणतो, तिची आवश्यकता संगणकतज्ज्ञांना सत्तर वर्षांनी पटली.

फळीवरून वस्तू काढून घेण्याविषयीही असेच. मार्च २०१६ मध्ये एका आज्ञालेखकाने वादामुळे रागावून आपले सर्व तुकडे एका सार्वजनिक संग्रहातून काढून घेतले. त्यांत अवघा अकरा ओळींचा एक तुकडा होता. एखाद्या अंकाच्या डावीकडे ठरावीक लांबी भरेपर्यंत रिकाम्या जागा किंवा शून्ये घालणे, म्हणजे दाखल क्रमांक ७ असेल तर तो ००७ असा लिहिणे, एवढेच त्याचे काम. पण हजारो आज्ञावली त्यावर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे उभ्या होत्या व त्यांची जुळणी अडून बसली. संग्रहाच्या चालकांनी काही तासांत तो तुकडा परत ठेवला, आणि पुढे ज्यावर इतर अवलंबून आहेत अशी वस्तू परस्पर काढता येऊ नये असे नियम केले. आपल्याकडे जीर्ण पुस्तके निर्लेखित करताना समिती नेमून यादी मंजूर करून घ्यावी लागते, ह्याचा शिक्षकांस कंटाळा येतो. त्या कंटाळवाण्या रीतीमागे काय विचार आहे हे ह्या उदाहरणावरून दिसून येईल.

ह्याहूनही विचार करावयास लावणारी घटना मार्च २०२४ मधील आहे. मजकूर दाबून लहान करणारा एक्सझेड नावाचा खुला तुकडा एकच गृहस्थ वर्षानुवर्षे विनावेतन सांभाळीत होते व ते थकलेले होते. दुसऱ्या एका नावाने कोणीतरी मदतीस आले, दोन वर्षांहून अधिक काळ चोख काम करून त्यांनी विश्वास संपादन केला आणि मग त्यात चोरदरवाजा बसविला. तो उघडकीस आला तो योगायोगाने. एका अभियंत्यास आपल्या यंत्रात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे दिसले आणि त्याने त्या अर्ध्या सेकंदाचा पिच्छा पुरविला. सर्वांच्या उपयोगाची वस्तू सांभाळणारा एकटाच असावा व त्याची विचारपूस कोणी करू नये, ही स्थिती संगणकाच्या जगात जशी आहे तशीच ती गावच्या वाचनालयातही आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ ह्यानुसार आपल्या राज्यात मान्यताप्राप्त वाचनालयांस अ, ब, क, ड असे वर्ग पाडून अनुदान देण्यात येते. १९४८ च्या मद्रासच्या कायद्यात जसा ग्रंथालयकर आहे तसा तो आपल्या कायद्यात नाही. वाचनालय चालते ते गावातील काही हौशी मंडळींच्या खटपटीवर व ग्रंथपालाच्या अल्प मानधनावर. त्या ग्रंथपालाची व शाळेतील शिक्षकांची ओळखही नसणे, हे निदान टाळता येण्यासारखे आहे.

विद्युत्-पुस्तकांविषयी थोडक्यात सांगतो, कारण तेथे जुन्या साखळ्या नव्या रूपाने आलेल्या आहेत. कागदाचे पुस्तक ग्रंथालयाने एकदा विकत घेतले की ते त्याच्या मालकीचे. पाने टिकतील तोवर कितीही वाचकांस द्यावे. पडद्यावरील पुस्तकाची मात्र बहुधा विक्री होत नाही, मर्यादित परवानगी मिळते. २०११ साली हार्परकॉलिन्स ह्या प्रकाशनसंस्थेने अमेरिकेतील ग्रंथालयांसाठी असा नियम केला की, एक विद्युत्-प्रत सव्वीस वेळा देऊन झाली की ती संपली. पुढे हवी असल्यास पुन्हा पैसे भरावेत. न फाटणाऱ्या पुस्तकास मुद्दाम फाटावयास लावण्याचा हा प्रकार आम्हांस तरी रुचत नाही. लेखकास मोबदला मिळावा हे मान्य असूनही रुचत नाही. ह्याच्या उलट, प्रथम बुक्स ह्या संस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर ह्या संग्रहातील बालकथा खुल्या परवान्याखाली आहेत. त्यांत मराठी कथाही आहेत. लेखक-चित्रकारांचा नामनिर्देश करून त्या छापून घेण्यास, मोठ्या अक्षरांत काढण्यास, किंवा कोरकू, गोंडी, भिल्ली अशा मुलांच्या घरच्या बोलीत उतरविण्यास कोणाची वेगळी परवानगी लागत नाही. ज्या शाळेत पहिलीच्या मुलांची बोली व पाठ्यपुस्तकाची भाषा ह्यांत अंतर आहे, तेथील शिक्षकांस ही सवलत फार मोलाची आहे.

केंद्रातील शिक्षण परिषदेत शिक्षक एकमेकांचे पाठ-टाचण व तक्ते मागून नेतात. ही चांगली प्रथा आहे, परंतु ती तोंडी आहे. केंद्रशाळेत एक जाड वही ठेवावी व प्रत्येक साहित्यास क्रमांक द्यावा. कोणी तयार केले, कोणत्या इयत्तेस, वर्गात वापरून पाहिले काय, आणि कोठे अडले, हे चार रकाने पुरेत. चौथा रकाना रिकामा ठेवू देऊ नये. दुसऱ्याने तक्ता नेऊन त्यात दुरुस्ती केली तर दुरुस्तीची नोंद मूळ क्रमांकाखालीच व्हावी आणि ती पूर्वी ज्यांनी तो तक्ता नेला त्यांस कळवावी. नाहीतर चोपन्नाचा तक्ता एका शाळेत सुधारेल व चार शाळांत तसाच लटकत राहील. शाळेतील पुस्तकांसाठी जडवस्तुसंग्रहाव्यतिरिक्त स्वतंत्र दाखल नोंदवही व देवघेव नोंदवही असावी, आणि देवघेवीची वही पाचवीतील दोन मुलांकडे आळीपाळीने द्यावी. नाव, पुस्तकाचा क्रमांक, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख एवढे त्यांस सहज लिहिता येते. महिनाअखेरीस बेरीज त्यांच्याकडूनच करवून घ्यावी व तो आकडा फलकावर लिहावा.